शाळेत तीन डबे ठेवले तरी पोरं सगळं एकातच टाकतात, काय करू?

खाडीकाठची_बाई
१६ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. पाचवी ते दहावी मिळून दीडशेच्या आत पोरं. जूनमध्ये एका देणगीदाराने शाळेला तीन डबे दिले, हिरवा निळा आणि लाल, चांगले कमरेएवढे, ढकलायच्या झाकणाचे. मग काय, नारळ फुटला, सरपंच बोलले, पोरांनी "ओला हिरव्यात, सुका निळ्यात" करून घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या, परिपाठाला प्रतिज्ञा झाली, निबंध स्पर्धा झाली, चित्रकला झाली. निबंध तर असे की वाचून भरून यावं. आणि ज्या पोराचा पहिला नंबर काढला त्यानेच दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर केळ्याचं साल निळ्यात टाकलं, ते पण लांबून नेम धरून.

पंधरा दिवस बरं चाललं. मग गणपतीची सुट्टी, मग परीक्षा, मग दिवाळी. परवा मी नववीच्या पोरांना घेऊन तिन्ही डबे ताडपत्रीवर ओतले, हातमोजे वगैरे घालून. हिरव्यात खिचडी होतीच, पण तिच्यात बुडालेली वहीची पानं, वेफर्सची पाकिटं, दोन पेनं आणि चक्क एक कर्कटक. निळ्यात भात, आवळ्याच्या बिया आणि कोलंबीची सालं (कुणीतरी डब्यात आणली असणार, वास तुम्हीच समजून घ्या). लाल डबा जवळजवळ कोरा, त्यात एक चप्पल. एकच, डावी. चौकशी केली तर कळलं की पाचवीत कुणीतरी अफवा उठवलेली, लाल डबा 'घातक' कचऱ्याचा आहे म्हणजे हात लागला की शॉक बसतो. घातक हा शब्द परिपाठाला मीच चारदा वापरला होता, आता कुणाला बोलणार.

खरी गोष्ट पुढेच आहे. ताडपत्रीभोवती सगळे नाक दाबून उभे, मी भाषण सुरू केलं, तर एक पोरगा, अभ्यासात यथातथाच, सुट्टीत वडलांबरोबर होडीवर जातो तो, हळूच म्हणाला, "बाई, पण मामा तिन्ही डबे एकाच गोणीत ओततात. आणि ट्रॅक्टरात तर सगळंच एकत्र पडतं. मग आपण वेगळं करायचं ते कुणासाठी?"

माझं भाषण तिथेच आटपलं. कारण खरंच आहे ते. शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, बाई मला गोणी एकच मिळते.

तर विचारायचं असं की दंड ठेवू? बक्षीस ठेवू? डब्यापाशी मॉनिटर उभा करू? तुमच्यापैकी कुणी शाळेत हे टिकवलंय का, म्हणजे फोटोपुरतं नाही, वर्षभर?


भंगारवाल्याचा_मुलगा
१६ नोव्हेंबर, रात्री ११:२५

ताई तुमच्या त्या होडीवाल्या पोराला माझ्याकडे पाठवा, धंद्यात घेतो त्याला. शंभर टक्के बरोबर बोललाय.

मी चिपळूणच्या बाजूला भंगाराचं दुकान चालवतो, वडलांचंच. माझ्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, कारण शाळावाले काय करतात 'सुका कचरा' म्हणून एक मोठी गोणी आणून टाकतात आणि त्यांना वाटतं झालं रिसायकल, पण सुका कचरा नावाचा माल बाजारात कुणीच घेत नाही, बाजारात रद्दी असते, पुठ्ठा असतो, पत्रा असतो, पाण्याच्या बाटलीचा माल वेगळा, कडक प्लास्टिक वेगळं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं आणि भाव वेगळा. त्या गोणीत चमचाभर आमटी सांडली की रद्दी गेली. कागद तेलकट झाला, खरकटं लागलं की पुढे मिलवाला घेत नाही, मी घेतला तर मी बुडालो. म्हणून पोरांना दहा नियम सांगत बसू नका, पहिल्या महिन्यात एकच सांगा, कागदाला खरकटं लागू द्यायचं नाही.

दुसरं म्हणजे बाटलीच्या बुडाशी बघा, बाणांचा त्रिकोण असतो आणि आत आकडा, १ ते ७. १ म्हणजे पेट, पाण्याच्या नि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ म्हणजे एचडीपीई, शाम्पूची बाटली, फिनेलचा कॅन. ५ म्हणजे पीपी, पार्सलचे डबे वगैरे. हे तिन्ही माझ्याकडून जातं. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे थर्माकोलचं खानदान आणि ७ म्हणजे उरलेले सगळे पाहुणे, ते माझ्याकडे पडून राहतं. आणि त्रिकोण छापलाय म्हणजे रिसायकल होतंच असं नाही हां, तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो, शिकलेली माणसं पण इथे फसतात.

वेफर्सचं पाकीट आतून चांदीसारखं चमकतं ना, ते प्लास्टिकचे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारात किंमत शून्य. ते गोळा झालंच तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळायला जातं. ज्यूसच्या खोक्यात पाऊण हिस्सा कागदच असतो पण बाकी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम चिकटलेलं, त्याला वेगळी मिल लागते. चहाचा कागदी कप पण आतून प्लास्टिक लावलेला, तो रद्दीत टाकला की मी ओरडतो. पेन म्हणजे तर डोकेदुखी, नळी एका प्लास्टिकची, टोपण दुसऱ्या, टोकाला धातू आणि आत शाई.

दुधाची पिशवी चांगली जाते, धुवून वाळवून दिली तर. पण कापताना कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लोंबकळू दे. तो नखाएवढा तुकडा कुणी उचलत नाही, तो गटारात जातो आणि पावसात गटारातून खाडीत. हे पोरांकरवी घरी सांगा, आया ऐकतात.

आणि विज्ञानाच्या बाई आहात म्हणून एक प्रयोग. बादलीभर पाणी घ्या. पाण्याच्या बाटलीचे कात्रीने तुकडे करून टाका आणि तिचंच झाकण टाका. तुकडे तळाला जातात, झाकण तरंगतं. पेटची घनता १.३८ च्या आसपास आणि झाकणाचं प्लास्टिक एकच्या खाली. कारखान्यात हेच करतात, बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडला की झाकणाचा माल वर, पेट खाली, दोन्ही आपोआप वेगळं. अख्खी बाटली मात्र टाकू नका, हवेने तरंगेल. मी पुतण्यासमोर तेच केलं होतं, अजून चिडवतो.


दहावी_ब
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी दहावीत आहे, दुसऱ्या शाळेत, मालवण साईड. खरं सांगू का रागावू नका बाई.

आम्ही टाकत नाही त्याचं कारण झाकण. ते ढकलायचं झाकण असतं ना त्याला सगळं लागलेलं असतं, भात आमटी सगळं, हात लावला की हाताला येतं, मधल्या सुट्टीत डबा खाताना कोण हात लावणार. म्हणून ज्या डब्याचं झाकण मोडलंय त्यातच सगळे टाकतात, रंग कोण बघतंय. आणि डबे ठेवतात ऑफिससमोर, पाहुण्यांना दिसायला पाहिजेत म्हणून, आणि आम्ही खातो मागे नळाजवळ.

अजून एक, वेफर्सचं पाकीट आतून तेलकट असतं मग ते ओलं की सुकं? आम्ही सरांना विचारलं तर सर म्हणाले अक्कल वापर.


खाडीकाठची_बाई
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

अरे राजा, रागवू कशाला. आमचे पण ऑफिससमोरच आहेत, आणि पोरं खातात मागच्या फणसाखाली. पाच महिने मी रोज त्या डब्यांवरून जातेय आणि हे डोक्यात नाही आलं. आणि तेलकट पाकिटाचं उत्तर मला पण पटकन देता आलं नसतं.

@भंगारवाल्याचा_मुलगा दादा, बादलीचा प्रयोग आजच करते.


वेंगुर्ल्याचो_झील
१७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

बाई, तुमी एकदा पोरांक घेवन आमच्या वेंगुर्ल्याक येवा. (बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो, नायतर मालवणी लिहिली की घाटावरचे पळून जातात.)

आमच्या नगरपरिषदेचं डंपिंग ग्राउंड होतं, जसं सगळीकडे असतं तसंच, धूर, कुत्री, घाण. रामदास कोकरे मुख्याधिकारी होते तेव्हा त्या जागेचं रूपच पालटलं, आज तिथे बाग आहे आणि लोक ती बघायला येतात, स्वच्छ भारत पर्यटन स्थळ असं नावच दिलंय. ओल्या कचऱ्यावर बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा करून डांबरात घालून रस्त्याला, पाल्यापाचोळ्याच्या जळणाच्या कांड्या. सिंधुदुर्ग २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांमध्ये देशात पहिला आला होता ते पण आठवत असेल. (सिंधुदुर्ग आणि सपाट! आंबोली घाट उतरून येणाऱ्याला विचारा.)

पण मला सांगायचंय ते वेगळंच. माझी भाची सहावीत असताना शाळेची सहल तिकडे गेली होती. घरी आल्यावर बागेबद्दल, गॅसबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली कशाबद्दल तर तिथे बसून कचरा निवडणाऱ्या मावशींबद्दल. एक मावशी पोरांना म्हणाल्या म्हणे, बाळांनो ब्लेड नि काच तशीच टाकू नका, कागदात गुंडाळून वर लिवा काच म्हणून, आमका समाजता. बस, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात बल्ब फुटला, कप फुटला की ही कार्टी पेपर घेऊन धावत येते, गुंडाळते, वर मोठ्या अक्षरात काच लिहिते आणि खाली एक मावशीचं चित्र काढते. माझ्या बायकोने एकदा तसाच ग्लास टाकला तर दोन दिवस अबोला.

तुमच्या पोराने विचारलं ना कुणासाठी? हिला माणूस दिसला.


गुरुजी_निवृत्त
१७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

बाई, दंड ठेवू नका आणि बक्षीस तर मुळीच ठेवू नका, मी ठेवून हात पोळून घेतलेत. ऐका.

दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. आठ-दहा वर्षांपूर्वी वर्गावर्गांत स्पर्धा लावली, महिन्यात जास्त प्लास्टिक जमा करेल त्या वर्गाला ढाल. वजनावर. मला वाटलं केवढी शक्कल लढवली. पहिल्या आठवड्यात प्लास्टिक दुप्पट आलं, मी खूश. दुसऱ्या आठवड्यात गोण्या जड लागायला लागल्या, उघडून बघतो तर बाटल्यांमध्ये पुळणीची वाळू. तिसऱ्या आठवड्यात दुकानदार भेटला, हसत म्हणाला गुरुजी तुमच्या कृपेने वेफर्सचा खप वाढलाय, पोरं पाकिटं विकत घेतायत, खातायत आणि पाकीट शाळेत. म्हणजे कचरा कमी करायच्या स्पर्धेने मी कचरा वाढवला.

आणि चौथ्या आठवड्यात एक दालदी (मासेमारी करणारा) बाप सकाळी सकाळी शाळेच्या दारात उभा, डोळे लाल. "गुरुजी, माझं जाळं कुठंय?" सातवीतल्या पोराने वडलांचं नायलॉनचं जाळं, चांगलं वापरातलं, घडी घालून गोणीत आणून भरलेलं. प्लास्टिकच आहे ना, म्हणे. वजन पण भरपूर! नशीब टेम्पो आला नव्हता. त्या दिवशी स्पर्धा बंद, ढाल कपाटात.

मग जे चाललं ते अगदी साधं होतं. शुक्रवारी शेवटच्या तासाची दहा मिनिटं. एक डबा ओतायचा, चुकीच्या जागी पडलेल्या वस्तू मोजायच्या, आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा, कुणाचं नाव नाही, रागवायचं नाही. बत्तीस, एकवीस, सव्वीस, चौदा असा उतरत गेला. पोरांना आकडा उतरताना बघायला आवडतं, मॅच बघितल्यासारखं. आणि डब्यावर शब्द लिहू नका, वस्तूच चिकटवा. खरंखुरं वेफर्सचं पाकीट, खरी बाटली, खरा पुठ्ठ्याचा तुकडा. 'अविघटनशील' वाचून पाचवीच्या पोराने काय करायचं? मला स्वतःला तो शब्द एका दमात म्हणता येत नाही.

ओल्या कचऱ्याचं राहिलंच. शाळेत पोषण आहाराचा भात उरतो तो गाडीत द्यायचाच कशाला, आवारात जिरवा. पण खड्डा काढू नका. मी काढला होता जांभ्यात, पहिल्याच पावसात विहीर झाली, भात तरंगतोय आणि बेडूक ओरडतायत. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, देशावरची पुस्तकं वाचून खड्डे खणायचे नाहीत. चार चिरे मांडून जमिनीच्या वर हौद करा, खाली नारळाची सोडणं पसरा म्हणजे पाणी निघून जातं, वर नारळाच्या झापांचं छप्पर. दर थराला खरकट्याच्या दुप्पट सुका पाला. फणसाचा, काजूचा, जो मिळेल तो, तो आपल्याकडे फुकट आहे आणि लोक जाळतात. वास आला म्हणजे पाला कमी पडला, एवढंच लक्षात ठेवा. मासळीचे काटे असतील तर मधोमध पुरून वर माती, नायतर गावची मांजरं शाळेत नाव घालतील. दोन-अडीच महिन्यांत खत. आम्ही ते शाळेच्या अबोलीला घातलं.


रापणकर
१८ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

वाचतोय सगळं. पण मला एक कळत नाही पोरांना कशाला जुंपताय. आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून बघा एकदा, मासळी टोपलीभर आणि पन्नी दोन टोपल्या, ती काय शाळेतल्या पोरांनी टाकली? शनिवार-रविवारी गाड्या भरून येतात, पुळणीवर बसतात, प्लेटा ग्लास बाटल्या तिथेच. प्लास्टिकच्या प्लेटा-चमचे-स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, महाराष्ट्रात तर त्याच्या आधी २०१८ लाच बंदी आली, मग ह्या येतात कुठून? आणि नंतर २ ऑक्टोबरला आमच्याच पोरांच्या हातात झाडू देऊन फोटो. आधी त्यांना धरा मग पोरांना शिकवा.


खाडीकाठची_बाई
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काका, पुळणीचं तुम्ही म्हणताय ते अगदी मान्य, आणि दुसऱ्याची घाण उचलायला मी पोरांना नेत नाही, नेणार पण नाही. मी फक्त आमच्या फणसाखालच्या पाकिटांबद्दल बोलतेय, ती तरी आमचीच आहेत ना.


गुरुजी_निवृत्त
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

रापणकर, आमच्या शेजारच्या तालुक्यात वेळास आहे. तिथे कासवांची अंडी लोक उकरून न्यायचे, कोल्हीकुत्री खायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. नुसतं कासव वाचवा म्हणून कुणी ऐकलं असतं का? पिल्लं समुद्रात जाताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसली, मग ती बघायला लोक आले, घराघरात जेवणाराहण्याची सोय झाली, तेव्हा गाव त्यात उतरला. बाईंच्या पोरांना अजून काहीच दिसलेलं नाही, एक गोणी सोडून.


रापणकर
१८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

ते खरं. पण प्लेटांचं कुणीच बोलत नाही.


माहेर_गुहागर
१८ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

ताई, एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, लाल डब्याबद्दल. आठवी-नववी-दहावीच्या मुली आहेत तुमच्याकडे. वापरलेले पॅड कुठे टाकतात विचारलंत का कधी? आमच्या वेळी संडासाच्या खिडकीतून मागच्या परह्यात (ओढ्यात) जायचे, आणि आम्हाला वाटायचं कुणाला कळत नाही. लाल डबा मैदानाजवळ, सगळ्यांसमोर ठेवलात तर एक मुलगी त्यात टाकणार नाही. एक छोटा झाकणाचा डबा मुलींच्या संडासात आत ठेवा, पायाने उघडणारा, आणि बाजूला जुन्या वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे कापून. २०१६ च्या घनकचरा नियमांत पण गुंडाळूनच द्यायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचक बायकांनी गुंडाळलेल्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आणली, म्हणजे निवडणारीला न उघडता कळतं. लाल स्केचपेन दोरीने बांधून ठेवा तिथेच, खर्च दहा रुपये.

आणि हे पुरुष शिक्षकांना सांगायला लावू नका प्लीज, आमचे सर बोलताना भिंतीकडे बघायचे.


खाडीकाठची_बाई
१८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. आमचा परह्या पण मागेच आहे. उद्याच करते.


खाडीकाठची_बाई
२० जानेवारी, रात्री ९:४५

मंडळी, दोन महिन्यांनी परत आले. काय केलं ते सांगते, सगळं जमलंय असं नाही.

सगळ्यात आधी शिपाईमामांना चहाला बसवलं. त्यांना सहा महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. ते म्हणाले गोण्या वेगळ्या द्या, मला काय, मी वेगळ्या भरतो. पोषण आहाराच्या तांदळाच्या रिकाम्या गोण्या खोलीत पडूनच होत्या! मुख्याध्यापकांची सही घेतली आणि पाच गोण्या मागच्या पडवीत खुंट्यांना टांगल्या, रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि एक 'भंगारवाला घेत नाही ते'. शेवटच्या गोणीचं नाव पोरांनीच ठेवलंय, नकोशी. वेफर्स, पेनं, कप, सगळं तिच्यात. आता ओलं की सुकं हा वादच राहिला नाही, भंगारवाला घेतो का एवढंच विचारतात.

डबे फणसाखाली नेले आणि झाकणं काढूनच टाकली. देणगीदार येऊन विचारतील म्हणून ती कपाटात जपून ठेवलीत. बादलीचा प्रयोग सगळ्या वर्गांनी केला, सातवीने तर घरून शाम्पूची बाटली, पाइपचा तुकडा, चमचा सगळं आणून बुडतंय की तरंगतंय याची यादी भिंतीवर लावली. पाइप बुडाला तेव्हा जो आरडाओरडा झाला तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले.

आणि तो होडीवाला पोरगा. त्याच्या हातात मी ताणकाटा दिला, वडलांकडे मासळी तोलायला असतोच, त्याला शिकवावं लागलं नाही. जवळच्या बाजारपेठेतले एक भंगारवाले महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी टेम्पो आणायला तयार झाले. पहिल्या खेपेला ते आपल्या काट्यावर तोलत होते आणि हा शेजारी आपल्या काट्यावर. रद्दीला दीड किलोचा फरक निघाला. भंगारवाले म्हणाले काटा जुना आहे. हा म्हणाला, कोणाचा? मी तोंड फिरवून हसले. शेवटी मधला आकडा धरला. पैसे फार नाहीत, पण पोरांनी आपल्या हाताने मोजून घेतले आणि त्यातून मैदानासाठी दोरीउड्या आणल्या. फुटबॉल हवा होता, तो परवडला नाही.

शुक्रवारचा आकडा लिहितो आम्ही, गुरुजी. पहिल्यांदा सत्तेचाळीस होता, आता नऊ-दहाच्या खाली काही केल्या उतरत नाही. पाचवीत नवीन दोन पोरं आलीत आणि एक जुना आहे जो मुद्दाम टाकतो, मी त्याला ओळखून आहे. मुलींच्या संडासात डबा आणि लाल पेन ठेवलं, परह्यात आता काही दिसत नाही, पण पेन तीनदा हरवलं. चिऱ्यांचा हौद बांधला, झाप पावसाच्या आधी घालू. मांजरं नाव घालून गेलीत, हजेरी चांगली आहे.

न जमलेलं म्हणजे ट्रॅक्टर. तो अजून सगळं एकत्रच नेतो. फक्त आमचं त्याच्यात जाणारं कमी झालंय, आधी चार गोण्या जायच्या, आता एक. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय की वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या पैशातून ट्रॅक्टरला मध्ये एक फळी तरी मारा. ग्रामसेवक म्हणाले बघू. तो अर्ज दहावीच्या पोरांनी लिहिलाय, निबंधापेक्षा बरा लिहिलाय.

आता अडचण अशी की नकोशी भरून भरून तिच्या तीन गोण्या झाल्यात आणि त्या माझ्या प्रयोगशाळेत रचून ठेवल्यात. उंदीर झालेत. दापोली, गुहागर, चिपळूण बाजूला वेफर्सची पाकिटं कुणी घेत असेल तर सांगा.


भंगारवाल्याचा_मुलगा
२० जानेवारी, रात्री १०:३०

मधला आकडा कशाला धरलात, पोराचा काटा बरोबर असणार.

उंदीर मिठातेलाला येतात, पाकिटं उभी चिरून एकदा पाण्यातून काढा आणि वाळवून दाबून भरा, तिन्हीची एक गोणी होईल. मी विकत नाही घेऊ शकत पण तालुक्याला प्लास्टिक कचऱ्याचं युनिट सुरू आहे का ते आधी पंचायत समितीत विचारा, असेल तर त्यांच्याकडे मी माझ्या टेम्पोतून फुकट पोचवतो. २६ जानेवारीनंतर तुमच्या बाजूला एक फेरी आहे. पेनं बाजूला काढून ठेवा, ती आणू नका म्हणतील युनिटवाले.


दहावी_ब
२१ जानेवारी, सकाळी ६:५५

बाई डाव्या चपलेचं काय झालं?


खाडीकाठची_बाई
२१ जानेवारी, सकाळी ७:३०

अजून आहे. नकोशीत टाकली होती, मामांनी परत काढून खिडकीत ठेवलीय, म्हणतात उजवीवाला येईल कधीतरी.